तापीतलं बंदर कुणाचं

आमचे थोरले जवाई भटू मुंबईच्या बंदरात बोयांच्या बोटीवर नोकरीला. बोया म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही तरी सांगणार. समुद्रात साखळदंडानं बांधलेलं मोठं पिंप तरंगत असतं. खाली कुठं खडक, कुठं गाळ, ते जहाजाला दाखवतं. पूर्वी लाकडाचं असायचं, मग लोखंडाचं आलं. कुणावर दिवा, कुणावर घंटा. धुकं पडलं तरी लाटेनं घंटा आपोआप वाजते. हे मला इतक्यांदा ऐकवलंय की मी स्वतः जहाज चालवीन.

शहाऐंशी सालच्या माघात माझ्या धाकट्या कमलचा साखरपुडा ठरला. आमचं गाव तापीच्या शिंदखेड्याकडच्या काठाला, मुलाकडचं समोर शिरपूरच्या बाजूला. पाहुणे झुलाल नावाड्याच्या नावेनं येणार, आणि दर पुरानंतर वाळू सरकली की झुलालची नाव रुतलीच म्हणून समजा. कमलनं आधीची स्थळं नाक मुरडून घालवली होती. हा सुकदेव मात्र तिच्या मनात भरला होता. पाहुणे अर्ध्यातून परत गेले तर सगळंच मोडणार.

"मामी, काळजी सोडा," जवाई म्हणाले. "मी बोये टाकतो."

पोहायचे वाळके भोपळे घेतले, दोंडाईच्याहून रंग आणला. निम्मे लाल, निम्मे हिरवे. दोरीला धोंडे बांधून खोल पाण्याच्या एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला हिरवे सोडले. काहींना तर बैलांचे घुंगरू लावले. तापीमाय नटव्या नवरीसारखी दिसायला लागली.

"आता नियम," जवाई म्हणाले. "बंदरात शिरताना लाल डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. बाहेर पडताना उलटं. पूर्वी हरेक देशाचं वेगळं होतं, जहाजं गोंधळून आपटायची."

"बंदर म्हणजे आपला काठ," मी म्हटलं आणि झुलालबरोबर तसा निरोप धाडला.

मुलाची आई सुगंधाबाई. तिचा उलट निरोप आला, "बंदर आमनं शे. मुलाकडच्यांचं असतं."

साखरपुड्याच्या दिवशी नाव निघाली. सुगंधाबाई पुढं बसलेली, हात लांब करून हुकूम सोडत होती. ती बंदरातून बाहेर पडत होती ना! म्हणून लाल भोपळे उजव्या हाताला पाहिजेत.

"बाई, दोन्हींच्या मधून जायचंय," झुलाल ओरडला.

"मधून गेलं की लाल डावीकडं येतात, विहिणीचं खरं होतं. घे बाजूनं!"

घेतली बाजूनं. भर नदीत वाळूवर नाव बसली ती बसलीच.

"विहीणबाई, उतरा!" मी काठावरून हाक दिली. "नाव हलकी होईल!"

"आधी म्हणा, बंदर आमचं!"

"बंदरात बसलाय का तुम्ही? वाळूत बसलाय!"

दोन्ही काठांवर लोक जमून फिदीफिदी हसायला लागले. सुकदेव नावेत मान खाली घालून बसलेला. भटजी सारखे सूर्याकडं बघत होते. कमल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माय, बंदर नको मला. नवरा पाहिजे."

मग मी काय करणार? आपल्या काठाजवळचे भोपळे ओढून काढले, बाजेखाली बांधले. बाजेवर मी, कमल, भटजी, साखर आणि नारळ. मागून जवाई पोहत ढकलत होते आणि रडकुंडीला येऊन म्हणत होते, "मामी, बोया उपटणं गुन्हा आहे हो!"

वाळूवर पोचलो तशी सुगंधाबाई खूश. "आलात ना आमच्या बंदरात?"

मी जीभ आवरली. पोरीसाठी बरं का, एरवी आवरत नाही.

"आले," मी म्हटलं. "आता सुनेला कुंकू लावा, का तेही बंदरातच राहिलं?"

घोटाभर पाण्यात साखरपुडा झाला. सुकदेव नि बाकीचे पाहुणे आधीच उतरले होते; कुंकू लावायला शेवटी सुगंधाबाईही खाली उतरली, आणि नाव एकदम हलकी होऊन झुलालसकट वाहत निघाली. झुलाल लांबून ओरडत होता, "बाई, उतरल्यात तेच बरं झालं!"

तो परत येईस्तोवर आम्ही सगळे वाळूवर. कमल नि सुकदेव हसून हसून लाल झालेले. आम्ही दोघी विहिणी एका बाजेवर.

"लग्न आमच्या दारी होणार," मी ठणकावलं.

"होऊ द्या," ती लुगडं पिळत म्हणाली. "आम्ही यष्टीनं येऊ."