अण्णांचं राज्य आणि माझ्यावरचं खापर

मी बोगादीच्या एका घरातला कॉम्प्युटर. आमच्या जातीत आता म्हाताराच म्हणायचा. मला आणलं अन्वितानं, कडकोळच्या कारखान्यातल्या पहिल्या पगारातून. पण माझ्यासमोर जास्त बसले ते तिचे वडील, भूगोलाचे निवृत्त शिक्षक तिरुमलराव. घरात त्यांना अण्णा म्हणतात. तेही तिला लाडानं पुट्टी म्हणतात.

आई गेल्यावर घर गप्प झालं, तेव्हा अन्वितानं त्यांना एक खेळ शिकवला. जुन्या काळातलं एक राज्य घ्यायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवायचं. शेती, कर, व्यापार, फौज, सगळं आलं त्यात. दोघं मिळून एकच राज्य चालवत. अण्णा तळी खोदत, बाजार वसवत. अन्विताला लढाईची ओढ.

"अण्णा, एवढं धान्य साठवून करायचं काय? शेजारचा किल्ला सहज घेता येईल."

"स्वल्प थांब, पुट्टी. फौजेत जातो तो माणूस नांगरावरूनच उठून जातो."

हा वाद रोजचा. मला तो आवडायचा.

मग अण्णा एका लग्नासाठी हुणसूरला गेले. अन्विता एकटीच बसली आणि तिनं युद्ध पुकारलं. लढाया जिंकल्या, किल्लाही घेतला. पण गावं ओस पडली, पीक कापायला माणूस उरला नाही, दुष्काळ आला आणि बंड होऊन निम्मं राज्य फुटलं. मागची चाल परत घ्यायची सोय दोघांनी हौसेनं बंद ठेवली होती.

अण्णा परतले आणि पडद्याकडे बघतच राहिले. "हे काय झालं ग?"

"कॉम्प्युटर मध्येच बंद पडला, अण्णा. तेव्हापासून असंच दिसतंय."

मी बंद पडलो नव्हतो. पण मला कुठे तोंड होतं?

अण्णांनी मान हलवली. "कॉम्प्युटरचं काही नाही. जाताना मीच काहीतरी भलतं दाबलं असणार. मागे गॅसही चालूच राहिला होता."

"तसं नाही, अण्णा," ती पुटपुटली. पुढचं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही.

त्यानंतर अण्णांनी मला हात लावणं सोडलं. विजेचं बिल भरायचं तरी तिलाच हाक. धारवाडच्या बहिणीशी ते माझ्यावरून बोलत, तेही थांबलं. जेवताना अन्विता त्यांच्याकडे बघेनाशी झाली. माझ्यासमोर येऊन बसायची, खेळ उघडायची, ती ओस गावं बघायची आणि उठून जायची.

एका सकाळी कॉफी देताना ती म्हणाली, "अण्णा, कॉम्प्युटर बंद पडला नव्हता. तुम्हीही काही दाबलं नव्हतं. युद्ध मी केलं. तुम्ही रागवाल म्हणून खोटं बोलले."

अण्णांनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "राज्याचं बिडु, सोडून दे. ते पुन्हा उभं करू. पण मी विसरायला लागलोय असं वाटून मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय, पुट्टी. तुला सांगायला धीर होत नव्हता."

अन्विता त्यांच्याजवळ येऊन बसली.

आता दोघं पुन्हा माझ्यासमोर बसतात. उरलेल्या मुलखात ती शेतं लावते, फौजेचं नाव काढत नाही. पण कोणतंही बटण दाबण्याआधी अण्णा तिच्याकडे बघतात. "हेच ना ग?" दर वेळी तिची मान खाली जाते.

माझा पंखा घरघरतो. फार दिवस उरले नाहीत. जाता जाता एवढंच मागणं: आपली चूक आम्हा यंत्रांवर ढकलू नका. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, पण जवळचं माणूस ती मुकाट्यानं आपल्या डोक्यावर घेतं.