एकसष्टावा बोल्ट

१९९८ सालच्या मे महिन्यात उमा सलग चार दिवस बोल्टांना थांबवत होती. साताऱ्याच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ती ड्रॉइंगचं काम करायची. वीस वर्षं बोर्डावर रेघा मारून झाल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी दर रविवारी एसटीनं सांगलीला जाऊन ती विश्रामबागेतल्या क्लासात कॉम्प्युटर शिकली होती. आता बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता आणि सगळा पंप पडद्यावर जोडायचा होता.

पंपाला अडुसष्ट बोल्ट होते. बोल्ट भोकात बसायचा, डोकं पंपाच्या अंगाला टेकायचं, तरी तो स्वतःभोवती फिरायला मोकळाच राहायचा. चुकून माउस लागला की गर्रकन फिरायचा. छापील ड्रॉइंगवर प्रत्येक डोकं वेगळ्या कोनात आलं, म्हणून गिऱ्हाइकानं ते परत पाठवलं होतं.

"सगळे एका रेषेत करा. फिरता कामा नयेत," मालक देवदत्तनं सांगितलं होतं.

म्हणजे प्रत्येक बोल्टाच्या डोक्याची एक बाजू पंपाच्या कडेला समांतर करून अडकवायची. एक झाला की मशीन दोन मिनिटं विचार करत बसायचं. तेवढ्यात उमा डोळे मिटून घ्यायची.

फिटर लियाकत मापं विचारायला आत आला आणि पडद्याकडं बघत उभा राहिला. "ताई, फिरंना का बोल्ट. फिरवल्याबिगर आवळायचा कसा?"

"कागदावर फिरायला नको आहे, लियाकतभाई."

"कागदाचं लय लाड हायेत," म्हणून तो गेला.

एकसष्टावा बोल्ट पंपाच्या अंगातच ओतायच्या उभ्या आधारपट्टीला अगदी लागून होता. तिनं बाजू समांतर केली. पट्टीत आणि डोक्यात मिलिमीटरभर फट राहिली. ठीक दिसत होतं. मशीन विचार करत होतं, तेवढ्यात तिला लियाकतचं बोलणं आठवलं आणि तिनं तो बोल्ट पुन्हा सोडला. माउसनं फिरवला. डोक्याचा कोपरा सरळ पट्टीत घुसला.

तिनं मापं घेतली. बोल्टाच्या मध्यापासून पट्टी तेरा मिलिमीटरवर, कोपरा जवळजवळ चौदावर. हा बोल्ट कधी आवळलाच गेला नसता. ओतकामाचा लाकडी साचा सांगलीला नाथाजी सुताराकडं होता, अर्ध्याहून जास्त झालेला. पट्टीची जागा तिनंच ठरवली होती.

गप्प राहता आलं असतं. अडकवलेल्या बोल्टात चूक कुणालाही दिसली नसती. ती उठून देवदत्तच्या केबिनमध्ये गेली.

"चूक माझी आहे," तिनं सगळं सांगून झाल्यावर म्हटलं.

देवदत्त पडद्यापाशी आला. "पण बसतोय की. फट दिसतेय."

"बसतो. फिरत नाही."

त्यानं लियाकतला बोलावलं. लियाकतनं खिशातला बोल्ट काढून पडद्यावरच्या पट्टीशेजारी धरला. "साहेब, हितं पाना न्हाई जायचा. डोकंच फिरत न्हाई, तर पाना कुठला? साचा लाकडाचा हाय तवर बरं हाय."

देवदत्तनं सांगलीला फोन लावला. बोलताना तो उमाकडं बघत नव्हता. फोन ठेवून म्हणाला, "नाथाजी पट्टी काढून चार मिलिमीटर सरकवून देतोय. दोन आठवडे जातील. नवीन ड्रॉइंग उद्या पाठवा."

रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

पट्टी सरकवल्याबरोबर पडद्यावरचे निम्मे जोड तुटून लाल झाले. उमा पाणी प्यायली, तिनं चष्मा पुसला आणि पहिल्या बोल्टापासून सुरुवात केली. आता अडकवण्याआधी ती प्रत्येक बोल्ट एकदा पूर्ण फिरवून बघत होती. त्यानं वेळ दुप्पट लागत होता. पाचचा भोंगा झाला तेव्हा अकरा बोल्ट झाले होते.