लोणी रंगाची साडी

आमच्या लेकीच्या, ईराच्या साखरपुड्याची साडी लोणी रंगाची. पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला, "साडीचा फोटो पाठवा, आमच्याकडचे सगळे पुरुष त्याच रंगाचे कुर्ते शिवणार." बेंगळूरला राहून आमची मराठी बिघडली, असं त्या आधीच एकदा बोलल्या होत्या. म्हटलं, आता रंगावरून नावं ठेवायला जागा द्यायची नाही.

पण फोटो काढणार कोण? आमचे हे! सरकारी कारखान्यात जन्मभर मोजमापं घेतलेला माणूस. "प्रतिमा, कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. मग बाकीचे रंग आपोआप बरोबर येतात." दोरीवरचा आपला पूजेचा पंचा ओढला, कॅमेऱ्यासमोर धरला, बटणं दाबली आणि मग साडीचा फोटो काढला.

"अहो, पिवळी दिसतेय ही!"

"डोळे फसवतात. कॅमेरा फसवत नाही."

कप्पाळ माझं! मी पुढे काही बोलायच्या आत फोटो पुण्याला गेलासुद्धा.

साखरपुड्याला राजाजीनगरच्या हॉलसमोर गाडी थांबली आणि एकामागून एक पिवळेधमक कुर्ते उतरले. आमचा होणारा जावई क्षितिज तर सगळ्यांत पिवळा. विहीणबाईंनी ईराच्या साडीला हात लावून विचारलं, "हा तो रंग?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात फोटोग्राफर चंदना आली. रंग जुळवायचं तिचं राखाडी कार्ड तिने ह्यांच्या खांद्यावरच्या त्याच पंच्याशेजारी धरलं आणि हसली. "अंकल, ये सफेद नहीं, नीला है!"

नीळ! मीच घालते ती, आणि पूजेचा म्हणून त्या पंच्याला जरा सढळ हाताने. कॅमेऱ्याने निळ्यालाच पांढरं मानलं आणि तो निळेपणा काढायला साडीवर पिवळं फासलं. ह्यांच्याही डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी पंच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. झालं, आता विहीणबाईंसमोर माझी शोभा!

ह्यांनी पंचा घडी करून काखेत मारला. "विहीणबाई, चूक माझी. मला रंगातलं काही कळत नाही."

लग्न झाल्यापासून ह्या माणसाच्या तोंडून 'चूक माझी' मी पहिल्यांदाच ऐकलं. माझे डोळेच भरून आले. विहीणबाई आपल्या यजमानांकडे वळल्या, "ऐकलंत? 'चूक माझी' असं म्हणतात!" आणि खो खो हसत सुटल्या.

आता मी पंच्याला नीळ घालत नाही. परवा हे म्हणाले, "प्रतिमा, हल्ली पंचा स्वच्छ धूत नाहीस तू."

मी गप्प बसले. तेवढं एकदाच.