वाढत्या अंगाचा कोट

मी एक पांढरा कोट बोलतोय. पांढरा कोट म्हटल्यावर तुम्हाला लगेच दवाखाना आठवला असेल. माझ्या शिंप्याचंही तसंच झालं होतं, ते पुढे सांगतो. दवाखान्याची पायरी मात्र मी आजवर चढलेलो नाही.

माझा जन्म शिंप्याच्या दुकानातला. दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. एक पायमशीन, एक कापायचं टेबल आणि दाराशी खुर्ची टाकून काज-बटणं करणारी शिंप्याची बायको. निमित्त होतं त्यांच्या लेकीचं. एका जागी दोन मिनिटं ठरायची नाही, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. ती पाच वर्षांची होती आणि शाळेत 'मी कोण होणार' असा कार्यक्रम होता. तो दरवर्षी असे. भिंगरी म्हणाली, "मी डॉक्टर." शेजारची मुलगी डॉक्टर होणार होती, मग हिला तरी दुसरं काय सुचणार?

शिंप्यानं माप घेतलं पाच वर्षांच्या पोरीचं आणि कापड कापलं दहा वर्षांच्या पोरीचं. "वाढत्या अंगाचा बरा," तो म्हणाला. बाह्यांत, कडांना, खालच्या दुमडीत त्यानं आत भरपूर माया ठेवली, म्हणजे पुढे उसवून मोठा करता येईल इतकं कापड. त्यामुळे पहिल्या वर्षी मी तिच्या घोट्यापर्यंत पोचलो. स्टेजवर ती डॉक्टर कमी आणि उशीचा अभ्रा जास्त दिसत होती.

खिशावरची लाल फुली त्यानं कच्च्या टाक्यानं लावली. लांब लांब टाके, एक टोक ओढलं की अख्खा दोरा हातात.

"अहो, निघून पडेल की ती!" बायको म्हणाली.

"पडू दे. उद्या पोरीचं मन बदललं तर उसवायला त्रास नको."

आणि मन बदललंच. सातव्या वर्षी ती वैमानिक झाली, फुली गेली आणि माझ्या खांद्यांवर सोनेरी पट्ट्या आल्या. नवव्या वर्षी मोठ्या हॉटेलातली आचारी, तेव्हा पुढे बटणांची दुहेरी रांग. अकराव्या वर्षी न्यायाधीश व्हायचं घाटत होतं, पण बाप मला काळ्या रंगात बुडवायला निघाला तेव्हा तो बेत तासाभरात बारगळला. मग समुद्राच्या तळाशी काय आहे ते शोधणारी कुणीतरी. दर खेपेला कच्चा दोरा सुटायचा आणि माझी दुमड दोन बोटं खाली यायची. मला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. कापडाला काय, जे लावाल ते.

पण मी एक गोष्ट बघत होतो. पायमशीन अडलं की शिंपी आधी त्याला शिव्या घालायचा, मग आत हाक मारायचा, "भिंगरे!" ती यायची, खालचं झाकण उघडायची, गुंता काढायची, पट्टा बसवायची, तेलाचे दोन थेंब सोडायची आणि कान लावून ऐकायची. एकदा तिनं तेलकट हात मलाच पुसले. बाप ओरडला, "अगं, कार्यक्रमाचा कोट आहे तो!" तो डाग शेवटपर्यंत गेला नाही. मशीन मात्र चालू व्हायचं. या कामासाठी कार्यक्रमात कुठलाच वेष नव्हता, त्यामुळे ते कुणी मोजलं नाही. तिनंसुद्धा नाही.

बारावीला तिला चांगले मार्क पडले आणि येणारा-जाणारा विचारू लागला, "पुढे काय?" ती म्हणायची, "बघू." दरवर्षी नवं उत्तर ऐकायची सवय झालेल्या बापाला ते 'बघू' काही पचेना. एका दुपारी ती बाहेर गेलेली असताना त्यानं माझी उरलीसुरली माया सोडली आणि खिशावर निळ्या दोऱ्यानं मशीनवर अक्षरं काढली. 'डॉ.' आणि पुढे तिचं नाव. पक्का टाका, वरून दुसऱ्यांदा फिरवलेला.

"तिला विचारलंत का?" बायको म्हणाली.

"तिनंच सांगितलं होतं."

"पाच वर्षांची होती तेव्हा!"

"पहिलं मनात येतं तेच खरं असतं."

भिंगरीनं मला अंगात घातलं, आरशात बघितलं आणि म्हणाली, "छान झालाय." मग बापानं मला गिऱ्हाईकांना दिसेल असं खिळ्याला टांगलं. शिंपी माप घेता घेता सांगायचा, "आमच्या डॉक्टरचा आहे." ती आतल्या खोलीत प्रवेश परीक्षेची पुस्तकं घेऊन बसायची. पहिल्या वर्षी जमलं नाही, दुसऱ्या वर्षी पुन्हा बसली. त्या वर्षी बापानं मला एकदा तिच्या अंगावर घालून बघितलं, तर मी खांद्यांवरून ओघळत होतो. पोर वाळली होती. मला तेव्हा वाईट वाटलं, हे कबूल करतो.

दुसऱ्यांदा पेपर झाल्यावर दोन दिवसांनी मशीन अडलं. भिंगरी खाली बसून झाकण उघडत होती. हात आत, नजरही आत.

"बाबा, परवाचा पेपर मी अर्धा कोरा ठेवला."

"आलं नाही?"

"येत होतं. लिहिलं नाही. पास झाले असते तर काय केलं असतं?"

शिंप्याच्या हातातलं कापड तसंच राहिलं. "मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

तिनं तेलकट बोट माझ्याकडे केलं. "तुम्ही पक्कं शिवलं होतंत."

 त्यानं मला खिळ्यावरून उतरवलं, अर्धं ब्लेड घेतलं आणि अक्षरं उसवायला बसला. आयुष्यभर लोकांच्या शिवणी उसवलेला माणूस, पण ही शिवण त्याला सुटेना. टाका इतका दाट होता की दोऱ्याबरोबर खिसाही फाटला. त्यानं घडी घालून मला ट्रंकेत ठेवलं आणि झाकण लावलं.

झाकण उघडलं ते दहा वर्षांनी. शिंप्याच्या चष्म्याची भिंगं जाड झाली होती आणि समोर भिंगरी निळं जाड कापड घेऊन उभी होती. ती आता उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करते. तयार डगले तिला खांद्यात आवळतात म्हणे, म्हणून बापाकडून शिवून हवा होता.

"माया ठेवू का जराशी?" बापानं विचारलं.

"आता कुठे वाढणार मी, बाबा!"

"आडवं काही सांगता येत नाही."

दोघं हसली. डगल्यावर नावाची पट्टी हवी होती, म्हणून त्यानं माझ्या पाठीतून एक तुकडा कापला. पाठीला आजवर कुणी काही लावलं नव्हतं. त्यावर तिचं नाव काढलं, मागे-पुढे काहीही नाही. मग हातशिलाईची लांब सुई उचलून तो हळूच म्हणाला, "कच्चीच लावतो. एकदा चुकलोय मी."

"पक्की लावा," भिंगरी म्हणाली. "उसवायची वेळ आली तर माझं मी उसवीन."

त्यानं तिच्याकडे बघितलं. सुई खाली ठेवली आणि मशीनवर बसला. दोरा काही ओवता येईना, तो तिनं ओवून दिला. मग चारही बाजूंनी टाका फिरला, एकदा आणि पुन्हा एकदा.

मी आता तिच्या छातीवर असतो. उरलेला मी फडकी होऊन तिच्या हत्यारांच्या पिशवीत आहे. ती माझ्यावर काळे हात पुसते आणि कुणी ओरडत नाही.

तुमच्या घरात एखादं पाच वर्षांचं पोर डॉक्टर झालं असेल तर खुशाल होऊ द्या. फुलीसुद्धा लावा, पण टाका कच्चा घाला. पक्का कधी घालायचा ते त्याचं ते सांगेल.

बरं, निघतो. सातव्या मजल्यावर लिफ्ट अडकली आहे आणि आत माणसं आहेत.