कोरड्या वादीचा सूड

मित्रांनो, मी सर्कशीतला एक जुना चामड्याचा चाबूक आहे. वय झाले की राग निवळतो म्हणतात. माझा निवळलेला नाही.

सर्कशीतली खोगिरे आणि लगाम दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला आपल्या लेकीसाठी विणले. चामड्याच्या बारीक वाद्या कापून, त्यांना चरबी चोळून त्याने माझी घट्ट वेणी घातली आणि टोकाला दोऱ्याचा गोंडा बांधला. जनावराच्या पाठीवर मी कधीच पडलो नाही. लेक मला फिरवायची आणि समोर उभ्या असलेल्या धाकट्या भावाच्या हातातला कागद मी चिरायचो. तंबू टाळ्यांनी दणाणायचा. खेळ संपला की ती मला पुसायची, थोडे तेल मुरवायची आणि सैल वेटोळे करून सावलीत टांगायची. वर्षे गेली तसा मी काळाभोर आणि लवचीक होत गेलो.

भावाला मात्र त्या टाळ्या सलत होत्या. म्हातारा वारला, तसे त्याने मालकांचे कान भरले. बाईच्या हातात चाबूक शोभत नाही, हे त्यांच्या गळी उतरवले. मी त्याच्या हाती गेलो आणि ताईच्या हाती कागद आला.

तेव्हापासून माझे हाल कुत्रा खाईना. तो मला ओल्या मातीत टाकी, मग कडक उन्हात वाळवी, खिळ्याला दुमडून अडकवी. ताई तेलाची वाटी घेऊन आली की म्हणे, चाबूक आहे तो, पाळण्यातलं बाळ नाही. माझ्या वाद्यांना भेगा पडल्या. मी मनात एकच घोकत होतो: एकदा तुझ्या गालाशी गाठ पडू दे.

गाठ पडली ती ताईच्या गालाशी. ऐन खेळात मी मध्येच ताठरलो, भलतीकडे वळलो आणि तिचा गाल फाटला. भावाने लोकांकडे वळून हसत सांगितले, "ताई हलली."

ती हलली नव्हती. हे तिला ठाऊक होते, मला होते आणि त्यालाही होते.

जखम भरेपर्यंत तिने मला आपल्याजवळ ठेवले आणि रोज थोडे थोडे तेल पाजले. भेगा बुजल्या नाहीत, पण मी वाकू लागलो. मग भरल्या तंबूत ती मला हातात घेऊनच रिंगणात आली आणि कागद भावापुढे धरला.

"आज तू धर."

लोकांनी टाळ्या सुरू केल्या. आता माघार घेतली तर नाचक्की होती. त्याने कागद धरला आणि हळूच म्हणाला, "ताई, तडकलाय गं तो."

"कुणामुळे?" ती म्हणाली. "हलू नकोस. हललास तर लागेल."

पहिल्या फटक्याला कागद अर्धा झाला. उरलेला तुकडा तिने पुन्हा धरायला लावला, मग त्याचाही उरलेला. शेवटी त्याच्या चिमटीत जेमतेम कोपरा राहिला. मला त्याचा गाल हवा होता. मी तिकडे ओढ घेत होतो, पण तिचे मनगट ऐकेना. त्याबद्दल मी अजून तिच्यावर रुसून आहे. शेवटच्या फटक्याला माझी एक कोरडी वादी तुटली आणि सणकन त्याच्या कानाजवळून गेली. तो मटकन मातीत बसला. सारा तंबू हसला. ताई हसली नाही.

मालकांनी खेळ तिला परत दिला. भाऊ तोंड लपवून निघून गेला आणि कुठेच डाळ शिजेना तसा खाली मान घालून परतला. ताईने त्याला ठेवून घेतले. काम दिले ते माझे.

आता रोज खेळानंतर तो जमिनीवर बसून माझ्या वेणीत तेल मुरवतो. ताई खुर्चीत बसून बघते. "तिथे कोरडं राहिलंय," म्हणते. तो "हो ताई" म्हणतो आणि पुन्हा सुरुवात करतो. मी मुद्दाम ताठ राहतो. त्याची बोटे दुखतात, आणि मला बरे वाटते.

मित्रांनो, चामड्याला तेल द्या, सावली द्या, दुमडून फेकू नका. प्रेमाने करता आले तर उत्तमच. नाहीतर भीतीने करा. तेल दोन्हींनी मुरते.