मोनाच्या अंगावरची गोधडी

मित्रांनो, काटेवाडीच्या चंद्राबाईंनी जुन्या लुगड्यांचे थर लावून मला शिवलं. टाका असा बारीक की शेजारणी मला उलटून पालटून बघत राहायच्या. तेव्हा मलाही थोडी मिजास होती, खोटं कशाला बोलू! पुढं घरात गुबगुबीत ब्लँकेट आलं आणि माझी रवानगी टोमॅटोच्या क्रेटवर झाली. टेम्पोत धूळ खात माल झाकायचा. फार वाईट वाटायचं.

त्या हिवाळ्यात अंगणवाडीतली पोरं खोकू लागली. चंद्राबाईंची नात मोनाही तापली. मध्ये ताप उतरला, पोर अंगणात खेळली आणि पुन्हा फणफणली.

"ब्लँकेटात घाम येत न्हाय, गोधडीच पायजे," म्हणत चंद्राबाईंनी मला झटकून आणलं आणि तिला गळ्यापर्यंत गुंडाळलं. घाम फुटला की ताप पळतो, ही त्यांची जुनी समजूत. पुन्हा लेकराच्या अंगावर आले म्हणून मी हरखून गेले.

पण आत काय चाललंय ते मलाच कळत होतं. श्वास भराभर चालला होता. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. वरून दिसत होता फक्त घामेजलेला, गप्प चेहरा.

"आत्या, सकाळपासनं पाणीबी प्याली न्हाय. बारामतीला नेऊ का?" मोनाच्या आईनं, सुकन्यानं सासूला विचारलं.

"घाम आलाय, ताप उतरतुया. निजलीया तर निजू दे."

मी ओरडणार कशी?

दुपार कलली तेव्हा ओठ निळे पडले. मग धावाधाव झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला केलं आणि छाती बघून त्यांचा चेहराच उतरला. फ्लूचा न्यूमोनिया झाला होता. त्यांनी जमेल ते सगळं केलं. मोना परत आली नाही. मी आले, घडी होऊन.

चंद्राबाईंनी मग बोलणंच टाकलं. परवा शेजारचा बिरू दारात आला. पोरगं तापलंय, घाम काढायला तुमची गोधडी द्या, म्हणाला.

"गोधडी न्हाय देत. पोराला आण हितं. छाती बघू दे."

त्यानं आणलं. चंद्राबाईंनी सदरा वर केला. तसाच खड्डा पडत होता.

"गाडी काढ बिरू. घाम बघत बसू नगं. आमी बघत बसलो."

पोरगं वाचलं. त्या दिवशी चंद्राबाई मला उराशी धरून पहिल्यांदा रडल्या.

मित्रांनो, लेकराला ऊब जरूर द्या, पण पांघरूण सारून त्याचा श्वास बघा. आत काय चाललंय ते आम्हाला कळतं, सांगता मात्र येत नाही.