चालून राहिला ना अजून

"बंद पडल्याबिगर नवा कायले घ्यायचा? चालून राहिला ना अजून!" नत्थूचं हे पालुपद ऐकून बायको, सुशीलाबाई, पार वैतागली होती. तडकलेल्या काचेचा तो फोन एक फोटो उघडेपर्यंत बैल तळ्यावर पाणी पिऊन परत यायचे.

आज सकाळी ती बायांसोबत आंबागडच्या जंगलात मोहफुलं वेचायला गेली. नत्थू गुरांच्या कोठ्यात बैलांना तणस टाकत होता, तेवढ्यात गावच्या ग्रुपवर निरोप आला, "वाघ दिसला. जागा फोटोत पाहा." फोटोच्या जागी नुसतं चक्र फिरत होतं.

नत्थूला आधी बायकोच आठवली, ती तर जंगलातच होती. सुशीलाबाईला फोन लावायला त्यानं दहादा बोट दाबलं, काच ढिम्म. "उघड ना बे!" तो खेकसला. शेवटी कुऱ्हाड उचलून जंगलाकडे धावणार, तोच चक्र थांबलं.

फोटोत जंगल नव्हतंच. तळ्याच्या पाळीवरून कोणीतरी काढलेला, त्याच्याच कोठ्याचा फोटो होता. मागे तणसीचा ढीग, आणि ढिगाआड पट्टेदार पाठ.

मागची तणस खसफसली. बैल दाव्याला हिसके देऊ लागले.

नत्थूच्या हातातला फोन अजून चालूनच राहिला होता.